बायोस्टॅटचा पेपर संगणकावर का घेत नाहीत?

माननीय संपादक,

बीएस्सीच्या परीक्षा आटोपल्या आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्या टेबलावरून एकदाचे हलले. मी प्राणिशास्त्र शिकवते. त्यातच बायोस्टॅट, म्हणजे जीवशास्त्राच्या मुलांना लागणारे सुरुवातीचे संख्याशास्त्र, हाही भाग माझ्याकडे असतो. यंदाचा प्रश्न नेहमीचाच होता: दहा माशांच्या लांब्या दिल्या आहेत, सरासरी, प्रमाण विचलन (मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत) आणि प्रमाण त्रुटी (नमुन्यातून काढलेली सरासरी किती मागेपुढे होऊ शकते) काढा. मुलांनी रकाने आखले, वजाबाक्या केल्या, वर्ग केले, बेरीज, भागाकार, वर्गमूळ, सगळे दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत बरोबर. त्याच प्रश्नाचा शेवटचा पोटप्रश्न दोन गुणांचा होता: 'या आकड्यांवरून माशांबद्दल काय सांगता येईल?' बहुतेकांनी ती जागा कोरी सोडली. काहींनी 'सरासरी चांगली आहे' असे लिहिले.

एवढी आकडेमोड बिनचूक करणारी मुले मठ्ठ नक्कीच नाहीत. जे विचारले जाते तेच मुले शिकतात, आणि आम्ही वर्षानुवर्षे त्यांना भागाकार विचारत आलो आहोत. म्हणून हे पत्र. माझे म्हणणे असे आहे की जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र शिकवायचे तर त्याला स्वतःच्या हाताने मोजमाप करू द्यावे, आकडेमोड संगणकावर सोपवावी, आणि परीक्षेत त्या उत्तराचा अर्थ विचारावा. त्यासाठी बायोस्टॅटचा पेपर, निदान अर्धा, संगणकावर घ्यावा.

हाताने गणित करण्याला एके काळी इलाज नव्हता. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात आले तेव्हा त्यांच्याकडे हाताने फिरवायचे यांत्रिक गणनयंत्र होते. १९२५ साली त्यांनी संशोधकांसाठी जे पुस्तक लिहिले त्यात ठरावीक टक्क्यांची कोष्टके दिली, कारण प्रत्येक वेळी शक्यता नव्याने मोजणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्या कोष्टकांची पुन्हापुन्हा झेरॉक्स काढून पुसट झालेली पाने आम्ही आजही परीक्षेत वाटतो. मुले ओळीवर पट्टी ठेवून आकडा शोधतात. ज्या फोनवर ती रोज व्हिडिओ बघतात, तो हे उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत देऊ शकतो.

प्रमाण विचलन हाताने कधीच काढू नये, असे मी म्हणत नाही. मी स्वतः फळ्यावर पाच आकडे घेऊन ते एकदा काढून दाखवते. प्रत्येक माप सरासरीपासून किती लांब पडले हे डोळ्यांना दिसले पाहिजे, आणि नमुना असेल तर एकूण संख्येतून एक वजा करून भाग का द्यायचा हेही समजले पाहिजे. पाच आकड्यांत ते समजते. मग पन्नास आकडे देऊन जर्नलची, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीची, चार पाने भरून घेण्यातून काय साधते, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही.

आता मी वर्गात काय करते ते सांगते. म्हापशाच्या बाजारातून तिसऱ्या, म्हणजे नदीतल्या खायच्या शिंपल्या, आणायच्या, दोन विक्रेत्यांकडून. एकीने सांगितले शापोरा नदीतल्या, दुसरीने सांगितले झुवारी नदीतल्या. प्रत्येक जोडीला एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक ताटली. शिंपल्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि संगणकात भरायची. पहिला धडा इथेच मिळतो. मुले सवयीने शापोऱ्याचा एक रकाना करतात आणि झुवारीचा दुसरा. मी त्यांना एका ओळीत एकच तिसरी लिहायला लावते: कुठली नदी, कुठली टोपली, किती लांबी, कोणी मोजली. 'कोणी मोजली' हा रकाना मुलांना निरुपयोगी वाटतो. दोन मुलांनी कॅलिपर वेगवेगळा धरला होता, हे त्याच रकान्यामुळे एका बॅचमध्ये उघड झाले.

मग चित्र. कुठलीही चाचणी लावण्याआधी प्रत्येक मापाचा ठिपका पडद्यावर दिसला पाहिजे. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ साली आकड्यांचे चार संच तयार केले. चारही संचांच्या सरासऱ्या जवळपास सारख्या, परस्परसंबंधही सारखा, पण आलेख काढले की एक सरळ रेषेभोवती पसरलेला, एक वक्र, आणि उरलेल्या दोघांत एकेका भलत्याच ठिपक्याने सगळा निकाल फिरवलेला. हे चारही संच 'आर' नावाच्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आयते मिळतात. आमच्या तिसऱ्यांच्या आलेखात एक ठिपका एवढा वर गेला की बाकीचे सगळे तळाशी चेपून बसले. ३४२ मिलिमीटर! एक फुटाहून लांब तिसरी! ३४.२ लिहिताना कोणाचा तरी दशांश बिंदू राहिला होता. सगळा वर्ग हसला आणि ज्याने तो आकडा भरला होता त्याने तो दुरुस्त केला. हेच आकडे जर्नलमध्ये असते तर त्या ३४२ चाही इमानदारीने वर्ग झाला असता.

यानंतर येतो तो सगळ्यात अवघड भाग, पी-व्हॅल्यू. व्याख्या पाठ करून ती कोणालाच समजत नाही. आम्ही प्रत्येक तिसरीची लांबी चिठ्ठीवर लिहितो. दोन्ही नद्यांतल्या तिसऱ्यांमध्ये काहीच फरक नाही असे धरले, तर कुठल्या चिठ्ठीला शापोरा म्हणायचे आणि कुठल्या चिठ्ठीला झुवारी याला अर्थ उरत नाही. मग चिठ्ठ्या एकत्र करायच्या, पिसायच्या, पुन्हा दोन ढीग करायचे, दोन्हींच्या सरासरीतला फरक फळ्यावर लिहायचा. प्रत्येक जोडी हे दोन-तीनदा करते आणि कंटाळते. नेमक्या त्या वेळी मी संगणकाला तेच काम दहा हजार वेळा करायला सांगते. काही क्षणांत पडद्यावर त्या सगळ्या फरकांचा डोंगर उभा राहतो, आणि त्यावर आमच्या खऱ्या फरकाची लाल रेघ ओढायची. दहा हजारांपैकी किती वेळा निव्वळ पिसण्याने, या बाजूला किंवा त्या बाजूला, एवढा किंवा याहून मोठा फरक आला? त्याचे प्रमाण म्हणजे पी-व्हॅल्यू. मागाहून टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची नेहमीची चाचणी, लावली की साधारण तेवढाच आकडा येतो, आणि टी-टेस्ट कशासाठी असते ते मुलांच्या चेहऱ्यांवर उमटते. संगणक नसेल तर हा तास घेणे शक्यच नाही.

प्रकल्पांच्या वह्यांत सर्रास लिहिलेले असते की पी ०.०३ आला म्हणजे फरक नसण्याची शक्यता तीन टक्के. हे साफ चुकीचे आहे. फरक नाही असे धरून चालले, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता तीन टक्के, एवढेच तो आकडा सांगतो. चिठ्ठ्या पिसलेली मुले ही गल्लत करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आणि पी लहान आला म्हणजे शोध लागला असेही नाही. फरक किती मिलिमीटरचा आहे? आरची टी-टेस्ट ९५ टक्के विश्वासाचा पल्लाही, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकेल तेही, न मागता देते. तो वाचायला शिकवले पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मोठ्या नमुन्यात 'सिग्निफिकंट', म्हणजे निव्वळ योगायोगाचा न वाटणारा, ठरेल, पण त्याने तिसरीला किंवा ती खाणाऱ्याला काय फरक पडतो, हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे आणि तो आमच्या मुलांनीच विचारायचा आहे.

त्या दिवशीची सगळ्यात मोलाची गोष्ट पुढेच घडली. निकाल पडद्यावर होता, वर्ग खूश होता, आणि शिवोलीची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरच्या बायका नदीत उतरून तिसऱ्या काढतात. ती म्हणाली, "टीचर, बाजारात येतात त्या निवडलेल्या असतात. बारक्या आम्ही घरी ठेवतो, मोठ्या विकायला नेतो." वर्ग गप्प झाला. बाजारातली टोपली नदीबद्दल बोलत नाही, विकणारीने काय निवडले त्याबद्दल बोलते. त्यात आमच्याकडे प्रत्येक नदीची टोपली एकच. एका टोपलीतल्या चाळीस तिसऱ्या म्हणजे नदीचे चाळीस स्वतंत्र नमुने होत नाहीत, नमुना खरे तर एकच. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांमधला हाच दोष दाखवून दिला आणि त्याला 'स्यूडोरेप्लिकेशन' हे नाव दिले. खोट्या पुनरावृत्तीचा हा दोष कुठलेही सॉफ्टवेअर पकडत नाही. त्याला चाळीस आकडे दिले की ते चाळीस धरून उत्तर देते. दोष पकडायला नदी, टोपली आणि टोपली भरणारी बाई माहीत असावी लागते. पुढच्या बॅचने वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून टोपल्या घेतल्या आणि टोपलीची सरासरी हा एक आकडा धरला. त्यावर चर्चा करायला वेळ मिळाला, कारण आकडेमोडीत तो गेला नव्हता.

म्हणूनच आयत्या आकड्यांवर मी फार काळ रेंगाळत नाही. आरमध्ये आयरिसच्या दीडशे फुलांची मापे असतात, वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी जमवलेली आणि फिशर यांनी १९३६ साली वापरलेली. तीन जाती, प्रत्येकीची पन्नास फुले. एक तास सरावाला उत्तम. पण आयरिसचे फूल आमच्या मुलांनी पाहिलेले नाही. त्या फुलाबद्दल शिवोलीची मुलगी कसली शंका काढणार?

सॉफ्टवेअर कुठले, यावर शिक्षकांत बरेच वाद होतात. माझे मत आरच्या बाजूने आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते तयार केले आणि १९९५ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. ते फुकट आहे, जुन्या संगणकावर चालते आणि एकदा भरून घेतले की इंटरनेट लागत नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण महागडे पॅकेज विकत घेणे परवडत नाही म्हणून पेन ड्राइव्हवरून फिरणारी चोरीची प्रत प्रयोगशाळेत भरलेली मी पाहिली आहे. विज्ञान शिकायला आलेल्या मुलांना पहिल्याच वर्षी चोरीची प्रत वापरायला शिकवणे मला सहन होत नाही. ज्यांना आरच्या आज्ञा टाइप करायची भीती वाटते त्यांनी जमोवीपासून सुरुवात करावी. तेही फुकट आहे, आतून आरवरच चालते आणि माउसने हाताळता येते. पास्ट हे ओस्लोच्या जीवाश्म-अभ्यासकांकडून आलेले छोटे सॉफ्टवेअरही आपल्याकडे अनेकजण वापरतात. पण शेवटी आरकडे यावे, कारण तिथे केलेले काम लिहिलेले उरते. मुलाने कुठली ओळ वगळली, कुठली चाचणी लावली, हे मला त्याच्या फाइलमध्ये वाचता येते. नुसत्या क्लिकचा माग राहत नाही. सुरुवातीचे काही तास एखादा स्वल्पविराम किंवा कंस राहिला म्हणून लाल अक्षरांत तक्रारी येतात आणि मुले वैतागतात. तेवढा धीर शिक्षकाने धरावा लागतो.

एक्सेल वाईट नाही, आकडे भरायला मीही तेच देते. पण ते आपल्या मनाने काय करते हे मुलांना सांगून ठेवावे लागते. माणसाच्या 'सेप्ट२' आणि 'मार्च१' या जनुकांची नावे एक्सेलमध्ये भरली की ते त्यांच्या तारखा करून टाकत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे दिसले की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका होत्या. अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली.

या विषयाशी गोव्याचा संबंध काय, असे कोणी विचारील म्हणून सांगते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. त्यांच्या नावाने आपल्या राज्यात विचारमहोत्सव भरतो आणि तिथे बहुतेक वेळा त्यांची ओळख इतिहासकार म्हणून होते. पण कोसंबी मुळात गणिती आणि संख्याशास्त्रज्ञ. जुनी नाणी वापरात झिजतात, त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतली तफावत वाढते, हे त्यांनी नाणी तोलून दाखवले. १९४० च्या दशकात त्यांनी जनुकांमधले अंतर मोजण्यासाठी एक सूत्र दिले. दोन जनुकांमध्ये अदलाबदल किती संततींत दिसते त्यावरून गुणसूत्रावरचे अंतर काढायचे, पण अंतर वाढले की दुहेरी अदलाबदली दृष्टीआड होतात आणि नुसती टक्केवारी फसवते. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या आधीच्या सूत्राने असे मानले होते की एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या ठिकाणी परिणाम होत नाही. कोसंबींनी तो परिणाम हिशेबात घेतला. वीस टक्के अदलाबदल दिसली तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन (हे त्या अंतराचे एकक) येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. आज पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय असतो, आरमध्येही आहे. आनुवंशिकी शिकलेली माझी मुले हे नाव पडद्यावर बघतात तेव्हा 'हे आपले का?' असे विचारतात. त्या सूत्रात लॉगॅरिदम आहे म्हणून ते शिकवत नाहीत, असे मला एकदा सांगण्यात आले. संगणकावर ती एक ओळ आहे.

आता आक्षेपांकडे येते. संगणक पुरेसे नाहीत, हे अर्धेच खरे आहे. प्रॅक्टिकल परीक्षा आपण बॅचमध्ये घेतोच, ही पण तशीच घेता येईल. मुले एकमेकांचे बघून लिहितील, हा दुसरा. त्यावर सोपा उपाय आहे. एक मोठी फाइल ठेवायची आणि विद्यार्थ्याने आपला रोल नंबर दिला की त्या नंबरावरून ठरणारा वेगळा नमुना त्याला मिळेल अशी तजवीज करायची. तोच नंबर दिला की परीक्षकालाही तोच नमुना पुन्हा काढता येतो. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून काहीच उपयोग नाही. प्रश्न असे असावेत: आलेख काढा, त्यात खटकणारे काही असेल तर लिहा, कुठली चाचणी लावाल आणि का, फरक किती आहे, आणि हा नमुना ज्या रीतीने गोळा केला त्यावरून काय म्हणता येणार नाही. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त गुण. आता तर मोबाइलला विचारले की तो आरचा कोडही लिहून देतो, त्यामुळे नुसत्या कृतीला गुण देण्यात अर्थ राहिलेला नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला पूर्ण पटतो. बायोस्टॅटचा भाग अनेकदा लेक्चर बेसिसवरच्या तरुण शिक्षकांकडे येतो. त्यांना तासाचे पैसे मिळतात. प्रशिक्षणाला जायचे तर तास बुडतो आणि पैसेही बुडतात. मी स्वतः त्यातून गेले आहे. या शिक्षकांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन द्या, ही मागणी मी या पत्रातून स्पष्टपणे करते. आणि प्रशिक्षण म्हणजे एका दिवसाचे भाषण आणि प्रमाणपत्र नको. शिक्षकांनी स्वतःचे आकडे आणावेत आणि त्यांच्यावर काम करावे.

घाई करायचे कारणही आहे. २०२१ पासून राज्य सरकारच्या केअर्स योजनेतून आपल्या शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग शिकवले जात आहे. त्यांच्या पहिल्या तुकड्या आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आहेत. शाळेत प्रोग्रॅम लिहिलेल्या मुलीला पदवीच्या वर्गात आणून आपण तिच्या हातात तीच पुसट झेरॉक्स द्यायची का?

पदव्युत्तर वर्गांत याचे परिणाम दिसतात. प्रबंधासाठी वर्षभर राबून आकडे गोळा करायचे आणि विश्लेषणासाठी ते पैसे देऊन बाहेर कोणाकडे तरी सोपवायचे, हे आता गुपित राहिलेले नाही. तोंडी परीक्षेत एका मुलीला मी विचारले की तुझ्या आलेखातल्या या उभ्या रेघा प्रमाण विचलनाच्या की प्रमाण त्रुटीच्या. तिला सांगता येईना. पावसात, चिखलात उभे राहून चोडणच्या खारफुटीत तिनेच ती रोपे मोजली होती, आणि त्यांच्याबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा तिच्याकडे शब्द नव्हते. मला तिचा राग आला नाही, आम्हा सगळ्यांचा आला.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की पुढच्या बदलात निदान एका सत्राचा पेपर अशा रीतीने घेऊन बघावा. तिसऱ्यांच्या मापांची आमची फाइल आणि रोल नंबरावरून नमुना काढून देणारा छोटा प्रोग्रॅम तयार आहे. ज्या शिक्षकांना तो हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे विचारणा केल्यास त्यांना माझा पत्ता देण्यास माझी हरकत नाही. शनिवारी दुपारनंतर मी प्रयोगशाळेत असते.

आपली,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका
डिचोली, गोवा